80 टक्के ढग आणि लख्ख ऊन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचे आक्षेप दोन आहेत. जीएफएस या हवामान-अंदाजाच्या संगणकीय मॉडेलने सकाळी 80 टक्के ढग दाखवले आणि राजापुरात लख्ख ऊन पडलं, हा पहिला. आम्ही अचूकतेची टक्केवारी छापून मॉडेलची वकिली करतो, हा दुसरा. दुसरा पूर्ण मान्य, म्हणून आधी तोच घेतो.

समजा, जानेवारीच्या 31 दिवसांत मॉडेलने 10 दिवस ढगाळ सांगितले. प्रत्यक्षात मळभ 6 दिवस आलं आणि त्यातले 4 मॉडेलने पकडले. म्हणजे 2 हुकले, 6 इशारे फुकट गेले, आणि निरभ्र सांगितलेले 19 दिवस निरभ्रच निघाले. 31 पैकी 23 बरोबर, 74 टक्के. पण मॉडेल न बघता रोज 'निरभ्र' म्हणणारा 25 दिवस बरोबर ठरतो, म्हणजे 81 टक्के! जुलैत उलट: रोज 'ढगाळ' म्हणा, कोकणात क्वचित चुकाल. असल्या एका आकड्यावर कुणी फवारणी ठरवू नये, आणि तो आम्ही नुसता छापायलाही नको होता. बागायतदाराला दोन आकडे वेगळे हवेत: आलेल्या 6 मळभांपैकी किती पकडली (4, म्हणजे 67 टक्के) आणि दिलेल्या 10 इशाऱ्यांपैकी किती खोटे निघाले (6, म्हणजे 60 टक्के). आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे (कीड) नि भुरीची (बुरशीचा रोग) भीती असताना हुकलेले 2 दिवस महाग की फुकटच्या 6 फवारण्या, हे बागेचा मालकच ठरवू शकतो.

आता ते 80 टक्के. ही ढग येण्याची शक्यता नव्हे, आकाशाचा किती भाग झाकला जाईल त्याचा अंदाज आहे. शिवाय एकूण आकड्यात सगळे थर येतात. सहा किलोमीटरच्या वर पातळ सिरस (पिसांसारखे उंच ढग) पसरलं तरी मॉडेल 80 लिहितं, आणि खाली अंगणात सावली स्पष्ट पडते. म्हणून खालचे, मधले आणि उंच ढग वेगळे बघा. एकूण 80, पण खालचे आणि मधले जेमतेम 5 असतील, तर ऊन पडणारच.

वेळेचा घोळही नेहमीचा. मॉडेलचा 03 म्हणजे जागतिक वेळ, आपले सकाळचे साडेआठ. त्यात जीएफएस ढगांचे दोन आकडे देतं: त्या क्षणाचा आणि मागच्या काही तासांच्या सरासरीचा. सरासरी घेऊन साडेआठचं आकाश तपासलं तर पहाटे येऊन गेलेलं मळभही मॉडेलची चूक म्हणून नोंदलं जातं.

जागेचं दुखणं मात्र खरं आहे, आणि ते मॉडेलचंच. मॉडेल नकाशाची चौकोनी घरं पाडून हिशेब करतं; एक घर साधारण 12–13 किलोमीटरचं. रत्नागिरीपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत अशी जेमतेम चार घरं बसतात, किनाऱ्यावरच्या घरात अर्धा समुद्र, आणि घाटाचा कडा मॉडेलमध्ये मंद उतारासारखा होतो. दुपारी खारा वारा आत शिरला की किनारा मोकळा आणि ढग देवरुख-संगमेश्वरच्या अंगाला. मॉडेलने हेच ढग एक घर अलीकडे मांडले, तर एकाच चुकीचे दोन फटके बसतात: इथे खोटा इशारा, तिथे हुकलेला ढग. म्हणून आजूबाजूची तीन बाय तीन घरं मिळून तपासणं जास्त न्यायाचं.

उपग्रहाने ताळा करायचा, तर इन्सॅट या भारतीय उपग्रहांची चित्रं दिवसा उत्तम. रात्री मात्र खालच्या ढगाचा माथा नि समुद्राचं पाणी यांच्या तापमानात फार फरक नसतो, त्यामुळे अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रात तो ढग जवळजवळ दिसत नाही. पहाटेच्या मळभाला तुमचे डोळेच खरे.

ते कसे वापरायचे? माडांच्या आड अंगणातून नको. सड्यावर (उघड्या कातळ पठारावर) जा, क्षितिज चारी बाजूंनी दिसलं पाहिजे. पूर्ण आकाश म्हणजे 8 अष्टमांश; त्याचे चार भाग करा, प्रत्येकाला दोन अष्टमांश. विखुरलेले ढग मनातल्या मनात एकत्र सरकवा आणि बेरीज करा. क्षितिजाजवळ ढगांच्या बाजू दिसतात, मधल्या फटी झाकल्या जातात, त्यामुळे तिथे ढग जास्त वाटतात. थोडं कमीच धरा. एक फट दिसली तरी 8 नाही, 7. एक पुंजका असला तरी 0 नाही, 1.

साडेआठच्या अशा नोंदी, उंच ढगांना वेगळी खूण करून, महिनाभराच्या पाठवा. राजापूरचा, वरच्या जानेवारीच्या उदाहरणासारखा तक्ता, हुकलेले आणि फुकटचे दिवस वेगळे दाखवून, इथेच छापतो.