शत्रू जवळ आहे!

ड्रॅगनबद्दल माझी काही तक्रार नाही. तो येतो तो वर्दी देऊन येतो. आधी आभाळातून डरकाळी, मग ढोलताशे, मग गावातली माणसं सैरावैरा. आपण बाण मारतो, तो आग ओकतो, यथावकाश कोसळतो, त्याचा आत्मा आपल्या अंगात शिरतो आणि मागे हाडं उरतात ती विकून चार पैसे मिळतात. सगळं कसं रीतसर. ‘स्कायरिम’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळणाऱ्याला आणखी काय हवं?

माझं वैर आहे ते माशाशी. स्लॉटरफिश त्याचं नाव. हात-दीड हात लांबीचं वळवळणारं अंग, पुढे जबडा आणि जबड्यात मावतील त्याहून जास्त दात. स्कायरिम ज्यातला एक, त्या ‘एल्डर स्क्रोल्स’ या खेळांच्या मालिकेत हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. राजे बदलले, साम्राज्यं बुडाली, हा तरंगतोच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कायरिम हा या मालिकेतला पाचवा खेळ, ११ नोव्हेंबर २०११ला आलेला. त्यात आपण भविष्यवाणीतला वीरपुरुष असतो. मान कुऱ्हाडीखाली असताना सुटतो, राजदरबारी मान मिळवतो, मेलेल्यांना पुन्हा मारतो. आणि हा वीरपुरुष पोहायला पाण्यात उतरला की त्याची तलवार आपोआप म्यानात जाते. धनुष्य चालत नाही, मंत्र चालत नाहीत. गंमत म्हणजे अंगावर लोखंडी चिलखत आणि पाठीवर लुटीचं गाठोडं घेऊन हा गडी मजेत पोहतो, बुडण्याचं नाव नाही. फक्त हात उगारायची सोय नाही. नियम कोणी केला ठाऊक नाही, पण तो माशाला विचारून केला असावा.

तरी चावला तर चावला, एवढं काय मनावर घ्यायचं, असं कोणी म्हणेल. चावण्याचं दुःख नाहीच. दुःख आहे ते घरी जाता येत नाही याचं.

माझी एक सवय आहे. खेळ बंद करण्याआधी माझ्या गड्याला त्याच्या घरी पोचवल्याशिवाय मला चैन पडत नाही. व्हाइटरन शहरात त्याचं घर आहे, पाच हजार मोहरा मोजून घेतलेलं. (डोंबिवलीत माझं स्वतःचं घर घेताना माझ्या चेहऱ्यावर नव्हतं इतकं समाधान तेव्हा होतं, असं बायको म्हणते.) त्याला तिथे न्यायचं, जास्तीच्या तलवारी पेटीत ठेवायच्या, पलंगावर आडवं करायचं, मग लॅपटॉप मिटायचा. डोंगरात, थंडीत, कुठल्या तरी गुहेच्या तोंडाशी त्याला उभं ठेवून आपण इथे पांघरूण घेऊन झोपायचं, हे मला पटत नाही. एरवी हे दोन मिनिटांचं काम. नकाशा उघडायचा, घरावर टिचकी मारायची, की गडी दारात हजर. याला ‘फास्ट ट्रॅव्हल’ म्हणतात. लोकलच्या प्रवाशाला या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

तर इलिनाल्टा तलावातल्या एका बेटावर एक शिळा आहे, लेडी स्टोन नावाची. तिला हात लावला की जखमा लवकर भरायला लागतात. आता ही शिळा बेटावर का, तर तिथवर पोहत जाताना जखमा व्हाव्यात म्हणून, दुसरं कारण मला दिसत नाही. हात लावला, परत काठाशी आलो. रात्रीचे अकरा वाजत आलेले.

“बंद करतोस का आता? उद्या सात तेरा पकडायचीय ना?” आतून आवाज.

“आलोच. ह्याला घरी सोडतो आणि आलो.”

नकाशा उघडला, घरावर टिचकी मारली. उत्तर आलं: शत्रू जवळ असताना हा प्रवास करता येत नाही.

शत्रू? आजूबाजूला पाहिलं. पाइनची झाडं, चांदणं, एक हरीण. वर होकायंत्राच्या पट्टीवर मात्र लाल ठिपका. डावीकडून उजवीकडे गेला, उजवीकडून डावीकडे आला. तिकडे ढोल सुरूच. ज्या ढोलांवर ड्रॅगन येतो त्याच ढोलांवर हा मासाही येतो, त्याच्यासाठी वेगळी पिपाणी ठेवलेली नाही. बरं, तासभर थांबावं, मासा कंटाळून जाईल, तर थांबायलाही परवानगी नाही, शत्रू जवळ आहे. पाण्यापासून दूर पळावं, तर पळालो. टेकडीवर चढलो. ठिपका अजून पट्टीवर. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी असेच लिफ्टच्या दाराशी गाठतात. त्यांना काही म्हणायचं नसतं, पण आपल्याला वर जाता येत नाही.

बरोबर लिडिया होती. ही माझी अंगरक्षक, जार्लने म्हणजे तिथल्या सरदाराने दिलेली. दिल्या दिवसापासून तोंड वाकडं करून ‘तुमचं ओझं वाहायची शपथ घेतली आहे’ असं ऐकवणारी. ती तलवार उपसून काठावर उभी, डोळे पाण्यावर, पवित्रा असा की समोर शंभराची फौज असावी. पाण्यात काही ती गेली नाही. तिच्या शपथेत मासे बसत नसावेत.

बाण मारून पाहिले. पाण्यातली वळवळ दिसते एका जागी, मासा असतो दुसऱ्याच. बाणांचा भाता हलका झाला, तलाव जड झाला.

“झालं का?”

“अगं, एक मासा आहे.”

यावर आतून काही आलं नाही. संसारात अशा शांततेचा अर्थ लावायची गरज नसते.

शेवटी जे जाणकार करतात तेच करावं लागतं. गुडघाभर पाण्यात जाऊन उभं राहायचं. तिथे पोहणं नसल्यामुळे तलवार हातात राहते. मग स्वतःची पोटरी पुढे करायची आणि वाट बघायची. ज्याने ड्रॅगनचे आत्मे गिळले तो वीर अर्ध्या रात्री स्वतःच गळाला लागलेलं आमिष होऊन चिखलात उभा! मासा येतो, सुळ्ळकन. चावतो. आपण तलवार खाली हाणतो. एका फटक्यात मरतो. खरा अपमान हाच. तो जरा तगडा निघाला असता तर घरच्यांना सांगायला तोंड उरलं असतं. पोट वर करून तरंगायला लागतो, ढोल थांबतात, हरीण तिथेच चरत असतं. झडती घेतली की हाताला लागतात खवलं. थंडी बाधू नये म्हणून काढा करायला उपयोगी पडतात म्हणे, बाजारात किंमत जेमतेम.

नकाशा उघडला. शत्रू जवळ आहे. तलावात त्याचा भाऊ होता.

एकदा आई आली होती राहायला. आईचं माहेर मालवण, त्यामुळे पडद्यावर मासा दिसला की चष्मा लावून खुर्ची ओढते. बराच वेळ त्याचं वळवळणं पाहून म्हणाली, “वाम काय रे ही?”

म्हटलं, “नाही गं, स्लॉटरफिश.”

“ह्यो मासो खातत काय?”

नाही खात, हे मला सांगावं लागलं. या खेळात सामन शिजवता येतो, तलावातल्या खेकड्यांच्या नांग्यासुद्धा २०१२च्या एका पुरवणीपासून उकडून खाता येतात, पण इतक्या मेहनतीने मारलेल्या या माशाचं एक तुकडाभर मांस मिळत नाही. नुसती खवलं. नाही म्हणायला कुठे कुठे त्याची अंडी सापडतात, तीही काढ्यासाठीच.

आईने चष्मा काढला. “मगे मारलंस कित्याक?”

प्रवास, नकाशा, लाल ठिपका, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला म्हणाली, बँकेत काही त्रास आहे का याला?

या माशाची वंशावळ मोठी आहे. १९९६च्या ‘डॅगरफॉल’मध्ये तो तळघरांतल्या तुंबलेल्या पाण्यात असायचा. २००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये समुद्रात आला. तिथे निदान पाण्यात हत्यार चालवता यायचं, म्हणजे माणसाची अब्रू शाबूत होती. पण मॉरोविंड खेळलेल्यांना माशापेक्षा क्लिफ रेसर आठवतो, आणि तेही खरंच आहे. हे पक्षी, म्हणजे कातडी पंखांची गिधाडंच म्हणा, डोक्यावर घिरट्या घालून जीव नकोसा करायचे. लोकांनी इतका शिव्याशाप दिला की पुढच्या खेळात बातमी आली, ज्यूब नावाच्या सत्पुरुषाने सगळे क्लिफ रेसर मॉरोविंड जिथे घडतो त्या बेटावरून हाकलून दिले. हा ज्यूब कोण, तर मॉरोविंडच्या सुरुवातीला जहाजात आपल्याला झोपेतून उठवणारा कैदी. एवढ्या एका कामगिरीवर त्याला संतपद मिळालं. पुढे तो मेला, आणि मेल्यावर पाताळात भेटला तर स्वतःच्याच चरित्राची हरवलेली पानं गोळा करायला आपल्याला पिटाळतो. मी गेलो, सगळी पानं आणून दिली. पक्ष्यांसाठी संत झाला, माशांकडे मात्र अजून कोणी लक्ष दिलेलं नाही, हे त्याला सांगायची सोय त्या संवादात ठेवलेली नव्हती.

२००६च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये मात्र एका माणसाला माझं दुःख कळलं असतं. राजधानीला वेढून असलेल्या रुमारे तलावाच्या काठी, वेय नावाच्या वस्तीत एल्विन मेरोवाल्ड हा म्हातारा कोळी राहतो. या माशांची बारा खवलं जमवून द्यायचं काम त्याने पत्करलेलं, म्हणजे पुढे आरामात बसून खाता येईल. मध्येच माशाने त्याला फोडलं. उरलेलं काम येणाऱ्याजाणाऱ्या वीराच्या गळ्यात. आपण बारा मासे मारून बारा खवलं नेऊन दिली की तो एक अंगठी देतो, जी घातली की पाण्याखाली श्वास घेता येतो. माझ्या मते या अख्ख्या मालिकेतला हा सर्वांत शहाणा माणूस. साम्राज्यावर नरकाची दारं उघडलेली असताना त्याने स्वतःचा निवृत्तीचा प्रश्न सोडवला, आणि वर परत पाण्यात पाय घातला नाही.

माझा भाचा या मालिकेचा ऑनलाइन खेळ खेळतो, २०१४चा. मी त्याच्याकडे माशाबद्दल कुरकुर केली तर तो हसायला लागला. “मामा, तुझा एकच असतो ना? आमच्याकडे ये.” त्याच्या खेळात किनारा सोडून जरा आत पोहत गेलं की हे मासे झुंडीने येतात आणि काही क्षणांत आटोपून टाकतात. पातळी कितीही असो, चिलखत कुठलंही असो. कारण तिथे मासा हा प्राणी नाहीच, ते कुंपण आहे. नकाशा जिथे संपतो तिथे भिंत बांधायची, तर समुद्रात भिंत बरी दिसत नाही, म्हणून मासे सोडलेले. ऐकून मला जरा बरंच वाटलं. माझ्या तलावातल्याचा निदान माझ्याशी वैयक्तिक संबंध होता.

२०२१मध्ये स्कायरिममध्ये मासेमारीची सोय आली. गळ, घाटावरची ठरलेली जागा, माशांच्या जाती, सगळं. मी हौसेने गळ घेऊन बसलो. बायको मागून जाताना थांबली. “बाहेर कधी तळ्यावर गेला नाहीस,” एवढंच म्हणाली.

सहाव्या खेळाची पहिली झलक २०१८च्या जूनमध्ये दाखवली. उजाड डोंगर, त्यांच्या पलीकडे समुद्र आणि वर मालिकेचं संगीत, बस. ते बघून हा प्रांत कुठला, ते शहर कुठलं, यावर जगभर काथ्याकूट झाला. मी ती झलक पुन्हा पुन्हा पाहिली. डोंगरांशी मला देणंघेणं नाही. मला पाणी दिसलं, भरपूर. तेव्हाच ठरवून टाकलं, त्या खेळात माणूस व्हायचंच नाही, आर्गोनियन व्हायचं. ही पालीसारख्या लोकांची जात जन्मतःच पाण्याखाली श्वास घेते. मासा त्यांनाही चावतोच, पण घरी जायला उशीर झाला तर निदान तळाशी बसून राहता येतं. घरात तसं सांगूनही ठेवलंय. आईने विचारलं, “आणि जेवाण?”

आर्गोनियन कच्चा मासा खातो की शिजवून, हे आता बघावं लागेल.