दोन स्क्रू आणि पंचवीस टन

लघुग्रहांवर प्लॅटिनमचे साठे असताना आपण खाणींसाठी जंगले का तोडायची, असा प्रश्न मास्तरांनी शनिवारी कट्ट्यावर टाकला आणि चहा येण्याआधीच वादाला तोंड फुटले. आमच्यातल्या सीएने तिथल्या तिथे हिशेब मांडला. ‘नासा’चे ओसायरिस-रेक्स यान २०१६ मध्ये निघाले, बेन्नू या लघुग्रहावरची माती घेऊन त्याची कुपी २०२३ मध्ये परतली आणि त्या मातीचे वजन भरले १२१.६ ग्रॅम, खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर. “मास्तर, या भावात सोने आणले तरी परवडायचे नाही.”

अण्णांचे उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप आहे, त्यामुळे त्यांना पैशापेक्षा स्क्रूंमध्ये रस होता. नमुना असलेल्या भागाच्या ३५ स्क्रूंपैकी दोन काही केल्या निघेनात. तो बंदिस्त पेटीत असल्यामुळे वाटेल ते हत्यार चालवता येत नव्हते, म्हणून खास अवजारे बनवावी लागली आणि ते दोन स्क्रू २०२४ च्या जानेवारीत सुटले. ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत सगळे हाताशी असताना ही गत, मग तिकडे ड्रिल अडकले तर काढणार कोण, असे अण्णांनी विचारले. मंगळावर तसे झालेलेही आहे. इनसाइट यानाची तापमापक शलाका पाच मीटरपर्यंत जमिनीत शिरायची होती, पण मातीची पकडच मिळेना आणि जवळजवळ दोन वर्षे ठोकूनही ती पृष्ठभागाच्या जेमतेम खाली गेली. २०२१ मध्ये तो नाद सोडावा लागला.

यावर मास्तरांनी प्लॅटिनम सोडले (ते त्यांनी आधीच सोडायला हवे होते, असे माझे मत) आणि मुद्दा नीट पकडला. खनिज पृथ्वीवर आणायचेच नाही, तिथले तिथे वापरायचे. पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी यंत्राने मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून सोळा वेळा मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला. “पुन्हा सव्वाशे ग्रॅमच!” सीए हसला, आणि हिशेबाने ते खरेही होते, कारण एका माणसाला दिवसाला आठशे ग्रॅमच्या आसपास लागतो. पण श्वासाचा ऑक्सिजन ही किरकोळ बाब आहे, असे मास्तर म्हणाले. ‘नासा’च्या अंदाजानुसार चौघांना मंगळावरून उडवायला, म्हणजे रॉकेटचे इंधन जाळायला, २५ टन ऑक्सिजन लागेल, तिथे वर्षभर राहायला मात्र सगळ्यांना मिळून एक टन पुरेल.

“म्हणजे राहणे स्वस्त, परतणे महाग,” अण्णा म्हणाले.

म्हणूनच यंत्र माणसांच्या आधी जायला हवे, असे मास्तरांनी समजावले. प्रवासाला योग्य वेळ दर २६ महिन्यांनी येते, तेव्हा एक फेरी आधी यंत्र पाठवून टाकी भरून ठेवायची.

“आणि मास्तर, त्याचाच स्क्रू अडकला तर?”

“तर पुढचे २६ महिने माणसे इथेच थांबतील, अण्णा.”