मशीन विकू नका: ‘सॅम्पल संपलं’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेनऊला खासबागेतून आत्याचा फोन आला. “काय रे बाळा, माझी जुकी विकून टाकू काय? अजून भाव येतोय तोवर.” त्या मशीनवर तिने दोन पोरांची शिक्षणं केली. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातल्याशिवाय आत्या चहासुद्धा घेत नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, “तुझ्याच धंद्यातली बातमी आहे, तुला ठाऊक नाही होय?” आणि तो मेसेज पाठवला.

मला तो आधीही आला होता. एकदा निपाणीच्या मामेभावाकडून, मग चंदगडच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून. दोन्ही वेळा अर्धा वाचून पुसून टाकला. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं, ती माझी चूक. आता आत्याने मशीनला गिऱ्हाईक बघितलंय आणि आतेबहीण आयटीआयचा शिवणाचा ट्रेड अर्ध्यावर सोडायला निघालीय.

ज्यांच्याकडे तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘शिंप्यांनो जागे व्हा’ अशी सुरुवात आहे. मोठ्या फॅशन कंपन्या आता सॅम्पल (म्हणजे मोठा लॉट कापायच्या आधी शिवून बघायचा नमुना) शिवतच नाहीत, कपडा संगणकावर ‘शिवतात’, त्याला व्हर्च्युअल सॅम्पलिंग म्हणतात. त्याला कापड, मशीन, माणूस काही लागत नाही. फिटिंग १०० टक्के अचूक. टॉमी हिलफिगर या मोठ्या फॅशन कंपनीने २०१९ मध्येच सॅम्पल बंद केले. कापड वाया जाणं शून्य. वर्षभरात सगळे सॅम्पल मास्टर आणि टेलर घरी बसणार. आणि सगळ्यात खाली: १५ दिवसांचा ऑनलाइन कोर्स करा, शिवण येत नसलं तरी चालेल, जागा थोड्या, आजच पैसे भरा.

मी बेळगावात तयार कपड्यांच्या एका कंपनीत सॅम्पल रूम बघतो. आमच्याकडे व्हर्च्युअल सॅम्पलिंग येऊन दोन वर्षं झाली, आणि ते आणा म्हणून मालकांच्या मागे लागलेल्यांत मीही होतो. संगणकाला घाबरून मी हे लिहितोय असं कुणी समजू नये. ते काम रोज करतो म्हणूनच मेसेज वाचून डोकं फिरलं.

‘कापड लागतच नाही’ यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात खुळचट वाक्य तेच आहे. संगणकाला कापड कळत नाही, ते त्याला सांगावं लागतं. नवं कापड आलं की आम्ही त्याच्या तीन पट्ट्या कापतो: एक उभ्या धाग्यात, एक आडव्या धाग्यात, एक उरेब, म्हणजे तिरकी. त्या ताणून बघायच्या, टेबलाच्या कडेवरून खाली सोडून किती वाकतात ते मोजायचं, वजन करायचं, जाडी घ्यायची. हे सगळे आकडे सॉफ्टवेअरला दिले की मग कुठे पडद्यावरचं कापड त्या कापडासारखं पडायला लागतं. आकडे चुकीचे दिले तर पडद्यावरचा कपडा देखणा दिसतो आणि साफ खोटा असतो.

हे काही आजचं शहाणपण नाही. जपानात क्योटो विद्यापीठाच्या सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकात कापडाचा ‘हात’ मोजायची यंत्रं बनवली. आपण चिमटीत धरून ‘मऊ आहे’, ‘खरखरीत आहे’, ‘अंग आहे कापडाला’ म्हणतो ना, तेच. कापड किती ताणलं जातं, किती सरकतं, किती वाकतं, किती दबतं आणि त्याचा पृष्ठभाग कसा आहे, अशा पाच अंगांनी त्यांनी ते मोजलं. आजच्या थ्रीडी सॉफ्टवेअरला लागणारे कापडाचे आकडेही त्याच जातीचे. सुरुवात खऱ्या कापडापासूनच होते.

आता आमच्याच टेबलावरची गोष्ट सांगतो. मागच्या दिवाळीआधी गुळेदगुड्डच्या खणाची कुर्ती करायची होती. खालच्या घेराला खणाचाच काठ घ्यायचा असं डिझाइन. मी पट्ट्या कापल्या, आकडे घातले, पॅटर्न, म्हणजे कपड्याच्या तुकड्यांचे आकार, पडद्यावर जोडले. पडद्यावर कुर्ती अशी अलगद पडली की बायरने त्याच दिवशी होकार दिला. मग खरी शिवली. हँगरला लावली तर घेर दोन्ही बाजूंना टोपलीसारखा ताठ उभा. मी पॅटर्न तपासत बसलो, शिलाईसाठी कडेला सोडलेली माया तपासली, टाक्याची लांबी तपासली, काही सापडेना. आमचे मास्टर आले, काठ चिमटीत धरला, मग वरचं कापड चिमटीत धरलं आणि म्हणाले, “ही दोन कापडं आहेत. तू एकच घातलंस.” बरोबर होतं. पट्ट्या मी खणाच्या अंगातून कापल्या होत्या, काठातून नाही. काठाची वीण दाट, तो वाकत नाही. काठाच्या वेगळ्या पट्ट्या कापून आकडे भरले, तर पडद्यावरही घेर तसाच उभा राहिला. मग काठ कमी रुंदीचा घेतला, आतली दुमड काढली, आणि कुर्ती बसली.

आता बघा, यात संगणक खोटं बोलला नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने दाखवलं. काय सांगायचं राहिलंय हे ओळखायला मात्र चाळीस वर्षं कापड हाताळलेली दोन बोटं लागली. मेसेजवाले म्हणतात ती बोटं आता घरी बसणार.

पुढचं, ‘१०० टक्के फिटिंग’. फिटिंग कुणावर? सॉफ्टवेअरमध्ये अवतार म्हणतात त्या पुतळ्यावर कपडा चढवतात. सॉफ्टवेअरबरोबर येणारे पुतळे आपल्याकडच्या बायकांच्या अंगलटीचे नसतात. आपल्या लोकांच्या मापांचा स्वतःचा तक्ताच नव्हता म्हणून तर वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशन शिकवणारी सरकारी संस्था यांनी २०१८ मध्ये ‘इंडियासाइझ’ ही मोजणी जाहीर केली. बेंगळुरू धरून सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापं घ्यायची अशी ती योजना. एका देशाला आपल्या माणसांची मापं नीट कळावीत म्हणून एवढा खटाटोप करावा लागतो, आणि इथे एक मेसेज १०० टक्के म्हणून मोकळा होतो! आम्ही आमच्या साइझ चार्टवरून पुतळे बनवून घेतले, तेव्हा कुठे मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात त्या भागाचं, फिटिंग विश्वासाचं झालं.

तरी पुतळा टोचतंय म्हणत नाही. ओव्हरलॉकची शिलाई लहान मुलाच्या काखेत घासते हे पडद्यावर दिसत नाही. शिलाईला पडणाऱ्या बारीक चुण्या, सुई जाड झाली की कापडाला पडणारी भोकं, पहिल्या धुण्यानंतर निटचं (टी-शर्टसारख्या विणलेल्या कापडाचं) आटणं, यातलं काही आपणहून दिसत नाही. आटण्याचे टक्के तुम्ही स्वतः धुऊन, मोजून पॅटर्नमध्ये घालायचे. पुतळ्यावर कपडा कुठे ताणतोय ते सॉफ्टवेअर लाल रंगात दाखवतं, ते उपयोगाचं आहेच. पण तो लाल डाग मुंढा खोल केल्याने जाईल की बाहीचा उभार वाढवल्याने, हे शिवणाऱ्याला विचारायचं.

आता टॉमी हिलफिगर. मेसेजचा सगळा भार या नावावर आहे, म्हणून मूळ घोषणा काय होती ते नीट सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २०२२ च्या स्प्रिंग कलेक्शनपर्यंत अॅमस्टरडॅमच्या मुख्यालयातलं सगळं कपड्यांचं डिझाइन थ्रीडीत आणायचं उद्दिष्ट आहे. डिझाइन, आणि उद्दिष्ट. ‘सॅम्पल बंद केले’ असं त्यात नाही. ते करायला त्यांनी २०१७ पासून ‘स्टिच’ नावाचा स्वतंत्र विभाग उभा केला होता आणि कापडं, पॅटर्न, रंग यांची डिजिटल लायब्ररी तयार केली होती. म्हणजे जगभर दुकानं असलेल्या कंपनीलाही तयारीला वर्षं लागली.

आणि हो, एक गोष्ट कबूल करतो, मनाविरुद्ध का होईना. त्याच घोषणेत होतं की २०२० च्या फॉल हंगामातले पुरुषांचे ड्रेस शर्ट पूर्ण थ्रीडीत होतील आणि त्यांना सॅम्पल शिवावं लागणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक एवढंच उचललं. पण कुठला कपडा निवडला ते बघा. फॉर्मल शर्ट. कापड ताणत नाही, पॅटर्न वर्षानुवर्षं तोच, कॉलर तीच, बदलतात ते रंग आणि चौकडी. जिथे खात्री होती तिथून त्यांनी सुरुवात केली. आम्हीही शाळेच्या युनिफॉर्मच्या शर्टाचे रंग आता शिवून दाखवत नाही. त्यावरून खणाच्या कुर्तीला किंवा तान्ह्या बाळाच्या झबल्याला सॅम्पल नको असं कसं म्हणता येईल?

कापड वाया जाणं शून्य? कमी होतं, शून्य नाही. सॅम्पलचं कापड, कुरिअर वाचतं. पूर्वी एका डिझाइनची चार-पाच पार्सलं रात्रीच्या बसने बेंगळुरूला जायची, ५०० किलोमीटर, आणि ‘गळा अर्धा इंच वर घ्या’ एवढंच ऐकून परत यायची. आता ती बोलणी पडद्यावर होतात आणि शिवलेले सॅम्पल एक-दोन जातात. पण कारखान्यातली खरी कतरण पडते ती मोठ्या कटिंगला. साधारण १५ टक्के कापड तिथे जातं असं या धंद्यात नेहमी सांगतात, आणि त्याला व्हर्च्युअल सॅम्पल हात लावत नाही. ते मार्कर, म्हणजे कापडावर तुकड्यांची मांडणी, बसवणाऱ्याच्या हातात.

‘सगळे घरी बसणार’ याचं उत्तर बेळगावच्या माणसाने उद्यमबागेत जाऊन घ्यावं. तिथल्या फाउंड्रीत धातू ओतायच्या आधी कास्टिंगचं सिम्युलेशन करतात, आत पोकळी कुठे राहील ते पडद्यावर आधीच बघतात. माझा भाऊ तेच काम करतो. म्हणून पहिलं सॅम्पल कास्टिंग ओतणं थांबलंय का? ओततात, कापतात, तपासतात, गिऱ्हाईक पास करतं, मगच लॉट सुटतो. पॅटर्नवाल्यांचं काम बदललं, पण ते तिथे आहेत. आमच्याकडेही प्रोटो, म्हणजे डिझाइनचे अगदी पहिले सॅम्पल, आणि रंगांचे सॅम्पल पडद्यावर गेले. साइझ सेट (वेगवेगळ्या मापांचे नमुने), प्रॉडक्शनच्या आधीचा पीपी सॅम्पल आणि चालू लॉटमधून काढायचा सॅम्पल आजही शिवूनच होतो. पीपीवर सही झाल्याशिवाय आमच्याकडे कात्री चालत नाही.

झळ बसली नाही असंही म्हणणार नाही. आमच्या सॅम्पल रूममधला ओव्हरटाइम कमी झाला, आणि दोन जणी काम सोडून गेल्या त्यांच्या जागा भरल्या नाहीत. ज्यांचं घर ओव्हरटाइमवर चालतं त्यांना हे लागतं, आणि मालकांनी त्याचा विचार करायला हवा. पण ‘वर्षभरात सगळे घरी’ आणि हे, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आता त्या कोर्सबद्दल. सगळा मेसेज त्याच एका ओळीसाठी लिहिलाय. आधी घाबरवायचं, मग पैसे मागायचे. ‘शिवण येत नसलं तरी चालेल’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. सॉफ्टवेअरची बटणं १५ दिवसांत येतील, मान्य. पण सॉफ्टवेअर तुम्हाला विचारतं की ही कड कुठल्या कडेला शिवायची, माया किती, धागा कुठल्या दिशेने, टक कुठे, चुणी किती. ज्याने बाही उलटी लावून उसवली नाही, त्याला यातलं एकही उत्तर देता येत नाही. आमच्याकडे सुरुवातीला संगणकाचं शिक्षण घेतलेला एक मुलगा ठेवला होता. हुशार, कष्टाळू. त्याने केलेला सलवार पडद्यावर सुंदर दिसायचा, पण त्यात पाय घालून मांडी घालता आली नसती, कारण आसन कमी. तीन महिने तो मास्टरांच्या शेजारी मशीनवर बसला, तेव्हा त्याचं काम सुधारलं. आज आमचं सगळ्यात चांगलं व्हर्च्युअल सॅम्पल जी बाई करते ती वडगावची. पंधरा वर्षं ब्लाऊज शिवायची, संगणक इथे येऊन शिकली. मेनू इंग्रजीत, तिचं शिक्षण मराठी माध्यमात सातवीपर्यंत. वहीत चित्रं काढून काढून तिने बटणं पाठ केली. तिला सहा महिने लागले, आणि शिवण येत होतं म्हणूनच सहाच लागले.

कंपनीलाही वेळ लागतो हे त्या मेसेजात कुठेच नाही. पहिले सहा महिने आमचं काम दुप्पट होतं. तेच डिझाइन पडद्यावर करायचं आणि शिवायचंही, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक लिहायचा. जुने कागदी फर्मे (कापायचे पॅटर्न) डिजिटाइझ करताना निम्म्यांची मापं साइझ चार्टशी जुळेनात, कारण मास्टर कापताना हाताने सुधारत आणि कागदावर नोंदवत नसत. ते सगळं त्यांच्याजवळ बसून लिहून घेतलं. ते नसते तर आमची ‘डिजिटल लायब्ररी’ चुकीच्या मापांचं कपाट झाली असती.

आतेबहिणीला सांगितलंय, आयटीआय पूर्ण कर. सर्टिफिकेट हातात आल्यावर सॉफ्टवेअर मी शिकवीन, पैसे भरायची गरज नाही. आत्याला सांगितलंय, गिऱ्हाइकाला नाही म्हण. तिला अजून पटलेलं नाही. “छापून आलंय की रे,” म्हणते. म्हणून रविवारी दोघींना सॅम्पल रूममध्ये बोलावलंय. खणाची ती पहिली, ताठ घेराची कुर्ती मी जपून ठेवली आहे. आधी ती आत्याच्या हातात देणार, काय चुकलंय विचारणार, आणि तिने काठ चिमटीत धरल्यावर मगच संगणक सुरू करणार.