लेआचे डोळे
ताई, जय ख्रिस्त. आरशात फक्त उणिवाच शोधणाऱ्या बहिणींना तुम्ही तुमच्या लेखात देवाच्या प्रेमाची आठवण करून दिलीत, वाचून डोळे भरून आले. मला बायबलमधली लेआ आठवली, याकोबाची पहिली बायको. उत्पत्तीच्या 29 व्या अध्यायात तिची धाकटी बहीण आणि सवत राहेल देखणी आणि लेआचे डोळे निस्तेज, एवढीच तिची ओळख. पहिल्या तीन मुलांच्या नावांत एकच दुःख, नवऱ्याचं प्रेम नाही. चौथ्या वेळी मात्र नवऱ्याचा विषयच नाही! परमेश्वराची स्तुती करीन म्हणाली आणि मुलाचं नाव यहूदा, म्हणजे स्तुती, ठेवलं. आपला प्रभू येशू त्याच यहूदाच्या वंशातला.

माझ्या दोन्ही हातांवर कोड आहे. पाहुणे बघायला आले की आई बाही खाली ओढायला लावायची (आयांनो, हे करू नका हो, मुलीच्या मनात फार खोल बसतं). चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला घेतानासुद्धा मी हात पदराखाली ठेवायचे. मागच्या नाताळात शेजारी बसलेल्या आजींनी प्रार्थनेच्या वेळी माझा हात पदरातून काढून आपल्या हातात घेतला. आमेन होईपर्यंत सोडला नाही. बोलल्या काहीच नाहीत.

यंदा नाताळासाठी अर्ध्या बाहीचं ब्लाउज शिवायला टाकलंय.