आता बंद कुठून करायचं?

सकाळी साडेसातला काकांचा फोन. "अरे, संगणक बंद कसा करायचा?"

"काका, दिवस आत्ता कुठे सुरू होतोय."

"म्हणूनच म्हणतो. चालू केला आणि बघून घाबरलो. आता बंद करतो. पण बटण जागेवर नाही."

मी काय सांगणार, कपाळ! माझ्याही संगणकावर आदल्या रात्री तोच प्रकार झाला होता: विंडोजची नवी आवृत्ती, विंडोज ११, येऊन बसली होती. तीन आठवडे मी 'नंतर आठवण करा' हे बटण इमानेइतबारे दाबत होतो आणि संगणक तितक्याच इमानाने आठवण करत होता. शेवटी माझा डोळा लागल्याचं बघून त्याने उरकून घेतलं. मध्यरात्री जाग आली तेव्हा पडद्यावर गोल गोल ठिपके फिरत होते आणि खाली लिहिलं होतं, 'कृपया संगणक बंद करू नका'. ही सूचना पुढे कायमची लागू राहील अशी तेव्हा शंकाही आली नाही.

सकाळी बघतो तर सगळ्या खिडक्यांचे कोपरे गोल झालेले. का? टोकदार कोपऱ्याने आजवर कुणाला खरचटल्याचं ऐकिवात नाही. पण तेही चालवून घेतलं असतं. डाव्या खालच्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण, जिथून संगणक बंदही करतात, ते मात्र उचलून मधोमध आणून ठेवलं होतं, आणि माझं सगळं घोडं तिथेच पेंड खात बसलं.

हा कोपरा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला. लक्ष्य जेवढं जवळ आणि मोठं, तेवढा हात तिथे लवकर पोचतो. लांब आणि बारीक असेल तर वेळ लागतो. पडद्याचा कोपरा दिसायला टिचभर, पण माऊस कितीही जोरात भिरकावला तरी बाण त्यापुढे जाऊच शकत नाही. म्हणजे नेम धरायची गरजच नाही. अर्धवट झोपेत, फोन खांद्यात धरून, दुसरीकडे बघत असतानाही कोपरा सापडतो. मला ते बटण कुठे आहे हे कधी माहीतच नव्हतं. माहीत होतं ते माझ्या मनगटाला. आणि मनगटाला नवीन आवृत्तीची माहितीपत्रिका वाचता येत नाही. ते अजूनही दिवसातून चाळीस वेळा डाव्या कोपऱ्यात जाऊन रिकाम्या जागेवर टकटक करून येतं.

बरं, मधे तर मधे. पण तिथेही ते एका जागी ठरत नाही. एखादा प्रोग्रॅम उघडला की खालच्या चिन्हांची रांग लांबते, आणि रांग मधोमध राहावी म्हणून बटण बोटभर डावीकडे सरकतं. बंद केला की परत उजवीकडे. हे काकांना फोनवर सांगून बघा.

"काका, खालच्या पट्टीवर मधोमध बघा. चिन्हांची रांग दिसते का? त्यातलं पहिलं."

"पहिलं म्हणजे मघाशी होतं ते, की आत्ता आहे ते?"

काकांना धीर देता देता मी माझ्या संगणकावर एका फाइलचं नाव बदलायला गेलो. रोजचं काम: उजवी टिचकी, यादी उघडते, 'नाव बदला'. यादी उघडली. शब्द गायब! वरच्या ओळीत पाच चित्रं. कात्री कळली. एकावर एक ठेवलेले दोन कागद, म्हणजे नक्कल असावी. शेवटचा डबा कचऱ्याचा, त्याच्यापासून दहा हात लांब. मधे एका चौकटीत अक्षर आणि शेजारी उभी दांडी. हे अक्षर लहानमोठं करायचं असणार, असं समजून मी ते सोडलं आणि पुढच्या, चौकटीतून बाहेर उडी मारणाऱ्या बाणावर टिचकी मारली. संगणकाने अदबीने विचारलं की 'अंतिम-शेवटचं-आता-नक्की' ही फाइल साहेबांना पाठवू का. साहेबांचं नाव त्याने स्वतःच सुचवलं होतं.

जिवाच्या आकांताने ते बंद केलं. मग यादीच्या तळाशी एक ओळ दिसली: 'आणखी पर्याय दाखवा'. दाबली. आणि काय सांगू, जुनी यादी! अख्खी, शब्दांसकट, जशीच्या तशी. म्हणजे हिला कुणी काढलेलं नव्हतं, नुसतं माळ्यावर टाकलं होतं आणि दाराशी पाच बाहुल्या मांडल्या होत्या. सेटिंगांचीही तीच गत. वरच्या थरात गुळगुळीत काचेसारखं पान, त्याखाली सपाट पान, आणि नेमकं हवं ते शोधत आणखी दोन टिचक्या खाली गेलं की जुनी राखाडी चौकट. तिथे सगळं सापडतं. हल्ली मी सरळ तिथेच उतरतो.

काचेचंही एक गौडबंगालच आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टाने खिडक्यांना काचेच्या कडा लावल्या. २०१२ साली विंडोज ८ने काच काढून सगळं सपाट केलं, काच म्हणजे मागासलेपणा असं वातावरण झालं. २०२५ साली ॲपलने मॅकवर 'लिक्विड ग्लास' आणली. अठरा वर्षांत काच फिरून आली, आणि मधल्या काळात आपण तिच्याशिवाय जगलो हे कुणाला आठवतही नाही.

काकांना मात्र आठवतं, कारण त्यांची वही आहे. रविवारी त्यांच्याकडे गेलो तर ती समोरच होती. संगणक शिकल्यापासून प्रत्येक कृती त्यांनी स्वतःच्या अक्षरात पायरीपायरीने उतरवली आहे, बाजूला आकृत्या काढून. मी आधी बटणाची व्यवस्था लावली. सेटिंगांत खोलवर 'डावीकडे' असा पर्याय होता, तो निवडला. बटण निमूट कोपऱ्यात गेलं. काखेत कळसा!

"पण हे तीन दिवस बंद कसा केलात?"

"झाकण लावत होतो."

मी वही चाळली. 'कट-कॉपी-पेस्ट'चं पान सगळ्यांत जुनं, आणि त्यावर एकही खाडाखोड नाही. कशी असेल? ही कापाकापी लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बसवून दिली, आणि आजवर तिला मधोमध आणायचं कुणाला सुचलेलं नाही. (हे मोठ्याने बोलायलाही नको.)

'संगणक बंद करणे' या पानाची मात्र दशा झाली होती. मी म्हटलं, "द्या, जुनं खोडून नीट लिहून देतो."

"खोडू नकोस," काका म्हणाले. "परत लागतं."

बरोबरच होतं. १९९५ साली आलेलं स्टार्ट बटण २०१२ साली विंडोज ८मध्ये कोपऱ्यातून गेलं आणि वर्षभरात, ८.१मध्ये, परत आलं. उबंटू या विंडोजसारख्याच दुसऱ्या संगणकप्रणालीने २०१० साली खिडक्या बंद करायची बटणं उजवीकडून डावीकडे नेली आणि २०१७ साली परत उजवीकडे आणली. मी हे सगळं सांगायला लागलो, पण काकांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. सगळं पेन्सिलीने लिहिलेलं होतं. समासात बारीक अक्षरात, एकाखाली एक: गेलं. आलं. गेलं. आलं.

त्याखाली त्यांनी लिहिलं, 'मधे सरकलं, पुतण्याने परत आणलं'. थोडा विचार केला, आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडून वही मिटली.