टेस्टिंग म्हणजे नुसतं क्लिक क्लिक? तो फॉरवर्ड वाचून डोकं फिरलं

काल रात्री कळव्याहून दादाचा फोन. त्याच्या लेकीने बीएस्सी आयटी करून नौपाड्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा, म्हणजे ॲप किंवा प्रोग्रॅम लोकांच्या हातात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधण्याचा, क्लास लावलाय आणि ग्रुपवरचा फॉरवर्ड वाचून हा विचारतोय, "अगं, क्लास बंद करू का तिचा?" फॉरवर्ड काय तर, टेस्टिंग म्हणजे नुसतं क्लिक क्लिक, चांगल्या डेव्हलपरला टेस्टर लागत नाही, कंपनीचा पैसा वाया जातो, रिलीज (नवीन व्हर्जन बाहेर काढणं) रखडते आणि आता सगळं एआयच करणार. मी 11 वर्षं महापेला हेच काम करतेय, गप्प बसवत नाही.

पैसा वाया? नाइट कॅपिटल नावाची अमेरिकेतली शेअर ट्रेडिंगवाली कंपनी होती. 1 ऑगस्ट 2012 ला तिचा नवीन कोड 8 पैकी 7 सर्व्हरवर गेला, आठवा राहून गेला, त्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरवर ऑर्डर सोडत सुटला. साधारण 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरच्या वर गेले. एसईसीच्या, म्हणजे तिकडच्या सेबीच्या, आदेशात सगळं आहे. त्या जुन्या कोडला कुठे थांबायचं ते कळण्यासाठी जी मोजणी होती ती 2005 मध्ये दुसरीकडे हलवली, आणि त्यानंतर तो कोड चालतो का हे कुणी परत टेस्टच केलं नाही. 7 वर्षं! पुढच्याच वर्षी कंपनी दुसरीत विलीन झाली. तिथले डेव्हलपर काय अडाणी होते का?

आपलं लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं हो. मागे एका पेमेंट ॲपचं सगळं ऑफिसच्या वायफायवर पास झालेलं. टीममधली एक मुलगी ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या टेस्ट अकाउंटवरून तेच करून बघत होती, घणसोली सुटल्यावर रेंज गेली, चक्र नुसतं फिरत राहिलं, तिने परत पे दाबलं आणि दोनदा पैसे कट. उद्या ग्राहकांचे कटले असते.

रिलीज रखडते म्हणणाऱ्यांनी रात्री 2 वाजता प्रॉडक्शनचा, म्हणजे लोक वापरत असलेलं सॉफ्टवेअर बंद पडल्याचा, कॉल एकदा घेऊन बघावा.

एआयचं थोडं खरं आहे. रोज तीच लॉगिन स्क्रीन तपासायला आता माणूस लागत नाही आणि तेवढंच येणाऱ्याला नोकरी मिळणं कठीण झालंय, मान्य. पण रेंज गेल्यावर माणूस घाबरून परत पे दाबेल, हे कुणाला तरी सुचावं लागतं ना!

दादाला सांगितलंय, क्लास बंद करू नकोस, आधी विचार की सेलेनियम (वेबसाइटची टेस्टिंग आपोआप करणारं टूल), एपीआय टेस्टिंग (दोन सॉफ्टवेअरमधली देवाणघेवाण तपासणं), एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकवतात का. नुसत्या व्याख्या पाठ करून घेत असतील तर फी परत माग. आणि रविवारी तिला लॅपटॉप घेऊन माझ्याकडे पाठव, मी बसते तिच्यासोबत.