विरोधी बाकावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही निवडून आलात, दिल्लीला पोहोचलात, आणि आपला पक्ष सत्तेत नाही हेही एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. आता अर्थसंकल्पावरच्या चर्चेत पक्षाने तुम्हाला सात-आठ मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे कर आणि रोजगार. घाबरू नका. या विषयावर लोकसभेत बोलायला फार थोडं साहित्य लागतं, आणि त्यात अर्थसंकल्प येत नाही.

अर्थसंकल्पाची कागदपत्रं हल्ली मोबाइलवर येतात, त्यामुळे पूर्वीसारखी त्यांची चळत रचून वर चहाचा कप ठेवायचीही सोय राहिलेली नाही. वित्त विधेयक तर उघडूच नका. कर त्यातच असतो हे खरं, पण अमुक कलमाच्या तमुक पोटकलमातल्या ‘दहा’ या शब्दाऐवजी भलताच शब्द घालावा, असल्या भाषेत असतो. त्यावर आजवर कुणी बाक वाजवल्याचं ऐकिवात नाही.

नमुना म्हणून २९ जुलै २०२४ चं राहुल गांधींचं भाषण पाहा. दहा वर्षं लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेताच नव्हता; तो मिळाला आणि त्याने अर्थसंकल्प थेट कुरुक्षेत्रावर नेला. चक्रव्यूह आला, अभिमन्यू आला, व्यूह कमळाच्या आकाराचा म्हणून पद्मव्यूहही आला. मग अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालयात होणाऱ्या हलवा समारंभाचा फोटो निघाला: हलवा वाटला जातोय, यात दलित, आदिवासी, ओबीसी अधिकारी दाखवा. अध्यक्षांनी फोटो दाखवायला मनाई केली, समोर निर्मला सीतारामन यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत गावागावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही बाजू आपापली जीत साजरी करत होत्या. याला म्हणतात यशस्वी भाषण.

त्याच भाषणात एक कामाची गोष्टही होती. ती बिचारी कुणाच्या लक्षात नाही. तुम्ही २००५ साली डोंबिवलीत घेतलेला फ्लॅट आज विकला, तर खरेदीची किंमत महागाईच्या हिशोबाने वाढवून मग नफा मोजायचा, अशी सोय होती. तिला इंडेक्सेशन म्हणतात. २३ जुलैच्या अर्थसंकल्पाने ती काढून घेतली आणि बदल्यात कराचा दर २० वरून साडेबारा टक्क्यांवर आणला. ज्याच्या घराची किंमत महागाईपेक्षा फारशी पुढे गेली नव्हती, तो यात चांगलाच भरडला जाणार होता. मध्यमवर्गाच्या पाठीत इंडेक्सेशनचा आणि छातीत भांडवली नफ्याचा सुरा खुपसला, असं राहुल गांधी म्हणाले. पंधरवडाही उलटला नाही तोच सरकारने जुन्या घरांपुरती माघार घेतली: २३ जुलैपूर्वी घेतलेल्या घराला जुना किंवा नवा, जो कमी पडेल तो कर भरा. आता श्रेय अभिमन्यूला द्यायचं की घरं विकायला काढलेल्यांच्या बोंबाबोंबीला? माझं मत दुसऱ्या बाजूला पडेल. तुम्ही मात्र अभिमन्यूलाच द्या.

रोजगाराचं तसं नाही. तिथे माघार घ्यावी लागत नाही, कारण बोंब मारणाऱ्याकडे विकायला घर नसतं. त्याच अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना ५०० बड्या कंपन्यांत इंटर्नशिप द्यायची घोषणा होती. महिना ५,००० रुपये, शिवाय एकदाच ६,०००. तुमच्या पक्षाने या घोषणेवर काय बोलावं हा पेच आहे. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात ‘पहिली नोकरी पक्की’ ही तशीच हमी होतीच. त्यामुळे ती आमचीच चोरली, असंही म्हणता येतं आणि ती थट्टा आहे, असंही. दोन्ही म्हणा. पहिल्या फेरीत प्रत्यक्ष रुजू झाले साधारण ८,७०० जण. हा आकडा सांगत बसू नका. त्यासाठी कुणाला तरी सरकारचं संसदेतलं उत्तर वाचावं लागलं होतं.

तुम्ही बेरोजगारी म्हणालात की समोरून ३.२ टक्के येतील. घाबरून जाऊ नका, आणि मुख्य म्हणजे ते कसे मोजले हे शिकू नका. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणात २०१७-१८ मध्ये हाच दर ६.१ टक्के निघाला होता. तो अहवाल फुटला, वर्तमानपत्रांत छापून आला, आणि सरकारने अधिकृतपणे जाहीर केला ३१ मे २०१९ ला, म्हणजे निवडणूक पार पडून शपथविधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी. २०२३-२४ मध्ये तो ३.२ वर आला. या मोजणीत वर्षातल्या तीसेक दिवसांचं जोडकामही धरतात आणि घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणाराही कामावरच असतो. परभणीचा अभियांत्रिकी पास झालेला पोरगा वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो, आधार कार्डाच्या प्रती काढतो, गिऱ्हाईक नसलं की रेल्वे भरतीचे जुने पेपर सोडवतो. हातात छदाम पडत नाही, पण सांख्यिकीच्या लेखी तो रोजगारात आहे. पंतप्रधानांनी जुलै २०२४ मध्ये मुंबईत येऊन रिझर्व्ह बँकेच्या अहवालाचा हवाला देत तीन-चार वर्षांत आठ कोटी रोजगार वाढल्याचं सांगितलं. शेतीत परतलेले आणि घरच्या धंद्यात बसलेले यातून वेगळे काढून दाखवा, असा प्रश्न तुम्ही विचारू शकता. पण कशाला? ‘पकोडे’ म्हणा. पकोडे विकणं हाही रोजगारच, हे पंतप्रधानांचं म्हणणं २०१८ पासून चालतंय, अजून शिळं झालेलं नाही.

लेखी प्रश्न हे तर सगळ्यात वाईट व्यसन. पंधरा दिवस आधी नोटीस द्या, सोडतीत नंबर लागायची वाट पाहा, अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा निघाला तर एक छापील कागद हातात. ना कॅमेरा, ना घोषणा. अशाच एका कागदातून जुलै २०२२ मध्ये सरकारने स्वतःच कबूल केलं होतं की २०१४ पासून केंद्राच्या नोकऱ्यांसाठी २२ कोटींहून अधिक अर्ज आले आणि शिफारस झाली सुमारे ७ लाख २२ हजार जणांची. तीनशे अर्जांमागे एक. सभागृहातल्या कुठल्याही चक्रव्यूहापेक्षा हा आकडा सरकारला जड गेला असता, पण तो पटलावर ठेवलेल्या कागदात होता, आणि पटलाकडे सहसा कुणी बघत नाही.

जीएसटीवर बोलताना दरवाजा निवडा. संसदेचं मकरद्वार उत्तम. विमा हप्त्यावरच्या १८ टक्के जीएसटीविरुद्ध ६ ऑगस्ट २०२४ ला विरोधकांनी तिथेच फलक धरले. दारूगोळा कुठून आला म्हणता? नागपूरच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने गाऱ्हाणं मांडलं, नितीन गडकरींनी ते अर्थमंत्र्यांना लिहून कळवलं, पत्र बाहेर आलं. मंत्र्याने मंत्र्याला लिहिलेलं पत्र विरोधकांच्या कामी यावं, अशी कृपा रोज होत नाही. अर्थमंत्र्यांनी उत्तर दिलं की हा कर जीएसटीच्या आधीपासून आहे आणि त्यातला बहुतांश पैसा राज्यांनाच जातो, तुमच्या राज्यांना विचारा. इथे जिभेवर ताबा ठेवा, कारण जीएसटी परिषदेत तुमच्या पक्षाची राज्यंही बसतात. त्या परिषदेची रचनाच अशी गोड आहे की दिल्लीला विचारलं तर परिषद म्हणते, राज्याला विचारलं तर दिल्ली म्हणते. पहिली काही वर्षं तर सगळं एकमतानेच झालं. मतदानाची वेळ पहिल्यांदा आली ती डिसेंबर २०१९ मध्ये, आणि ती लॉटरीवरच्या करासाठी. खारवलेल्या सुट्या पॉपकॉर्नला ५, पाकीटबंदला १२, कॅरेमलवाल्याला १८ टक्के हा तपशील जैसलमेरच्या बैठकीतून बाहेर आला तेव्हाही कुणाच्या मंत्र्याने टेबलावर मूठ आपटल्याचं वाचनात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा कर गेला, सरकारने ‘बचत उत्सव’ साजरा केला. तुम्ही म्हणा, आमच्यामुळे गेला.

कपात सूचना हा प्रकार ऐकलाय का? मंत्रालयाच्या मागणीतून पैसे कमी करा, अशी सूचना देता येते. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणा, असं म्हणायची नियमात सोय आहे. कामगार मंत्रालयाला एक रुपया! पण ती मांडायची तर आधी त्या मंत्रालयाचं धोरण काय ते वाचायला लागतं. शिवाय ठरलेल्या दिवशी गिलोटिन पडतं आणि न चर्चिलेल्या मागण्या एका दमात मंजूर होतात. मार्च २०१८ मध्ये तर मागण्या आणि वित्त विधेयक मिळून अर्ध्या तासात उरकलं होतं, चर्चेविना. त्या वेळी तुमचे ज्येष्ठ सहकारी अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उभे राहून घोषणा देत होते. म्हणजे दोन्ही बाजूंची सोय झाली.

महाराष्ट्रातून आला असाल तर एक खास धोका आहे. कुणी तरी मधु लिमयांचं नाव काढेल, जे नियमांचं पुस्तक कोळून प्यायले होते. नाहीतर मधु दंडवत्यांचं, जे राजापुरातून पाच वेळा निवडून आले, बरीच वर्षं विरोधात बसले आणि १९८९ मध्ये स्वतःच अर्थमंत्री झाले. त्यांच्या नादी लागू नका. त्याहून वाईट म्हणजे कुणी तरी तुम्हाला पगाराची स्लिप दाखवेल. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. १९७५ मध्ये महाराष्ट्राने हा कर लावला तो रोजगार हमीसाठी: पगारदाराकडून घ्यायचं, सरकारने तेवढीच भर घालायची, दुष्काळात खडी फोडणाऱ्याला काम द्यायचं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली ती योजना पुढे देशाच्या कायद्याला नमुना ठरली. कर आणि रोजगार एकाच वाक्यात बसवायची हिंमत तेव्हा होती. तुम्ही ती करू नका. करकपातीची मागणी एका मिनिटात करा, नोकऱ्यांची पुढच्या मिनिटात, आणि मधे एक शेर टाका, म्हणजे पहिल्याचे पैसे गेल्यावर दुसरी कुठून द्यायची हे कुणी विचारणार नाही.

अर्थमंत्री उत्तराला उभ्या राहिल्या की सभात्याग करा. बसून ऐकलंत तर प्रतिप्रश्न सुचायची भीती असते.

भाषणाचा कागद मात्र जपून ठेवा. २०११ चं जीएसटी विधेयक काँग्रेसने आणलं आणि गुजरातने अडवलं; २०१७ ला तेच गुजरातवाल्यांनी मध्यरात्री घंटा वाजवून आणलं आणि काँग्रेसने त्याला गब्बर सिंग केलं. २०१२ मध्ये पेट्रोल महागलं म्हणून भाजपने भारत बंद केला. २०१४ ला लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे असलेलं केंद्राचं उत्पादन शुल्क मे २०२० मध्ये ३२ रुपये ९८ पैशांवर गेलं. कागद कुणाचाच वाया गेला नाही. उद्या तुम्ही पलीकडच्या बाकावर गेलात की ‘सरकार’ आहे तिथे ‘मागचं सरकार’ लिहा, आणि पेट्रोलचा परिच्छेद तेवढा गाळा.